स्नोबोर्डचे बूट आणि बाइंडिंग : मदत हवी आहे

मंडळी, फेब्रुवारीत गुलमर्गला जायचंय. बोर्ड मित्राचा आहे, ऑल-माउंटन (सगळ्या प्रकारच्या उतारांवर चालणारा); बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला धरून ठेवणारी पकड, बसवायला ४×४ मांडणीची छिद्रं आहेत. बूट-बाइंडिंग मात्र स्वतःचे घ्यायचेत. वळणं जमतात; उड्या, रेल (दांड्यावरून घसरणं) वगैरेची हौस नाही. गोंडोलाच्या (तिथल्या रोपवेच्या) पहिल्या टप्प्याच्या आसपासचे उतार आणि जमलंच तर थोडा भुसभुशीत बर्फ, एवढंच.

अडलंय फ्लेक्सवर, म्हणजे बूट-बाइंडिंग किती कडक असावं यावर. १ म्हणजे मऊ, १० म्हणजे कडक, हे कळलं. मला ४-५ पुरेल असं वाटतं, पण दुकानदार फोनवर ८ चा बूट गळ्यात मारतोय. बूट मध्यम आणि बाइंडिंग थोडी कडक, अशी जोडी चालते का?

मापाचा घोळ वेगळाच. पाऊल २६.५ सेंमी. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवल्यावर मागे सरकावीत आणि टाच उचलली जाऊ नये, हे माहीत आहे. पण नाशकात घालून बघणार कुठे? इथे ट्रेकिंगचे बूट हवे तेवढे (हरिहर-अंजनेरीची कृपा!). मुंबई-पुण्यात असं दुकान आहे का, की गुलमर्गलाच भाड्याचे घालून माप पक्कं करावं?

स्टेप-ऑनचा (पट्ट्यांशिवाय, पाय दाबला की बूट अडकणाऱ्या बाइंडिंगचा) मोह होतोय, पण तिला तिचेच बूट लागतात, म्हणून पट्ट्यांचीच घेईन म्हणतो. बोआची (चकती फिरवून बूट आवळायच्या सोयीची) तार तिकडे तुटली तर दुरुस्त होते का? वापरलेल्यांनी सांगा.