दगड कापणाऱ्यांच्या फुफ्फुसांचा अभ्यास: फिल्टरवर दिसणारे कण, पंपाची घसरण आणि तुलनेचा गट

रानवारा

नमस्कार. ग्रॅनाइट कापणाऱ्या एका शेडमधल्या ४६ कामगारांवर सिलिकाच्या धुळीचा काय परिणाम झालाय, याचा अभ्यास मांडतोय. कामं पाच प्रकारची आहेत: मोठ्या ब्लेडवर ओली कटाई, हातातल्या ग्राइंडरने कडा घासणं (हे कोरडंच चालतं), छिन्नी-हातोडा, ओलं पॉलिश आणि चढ-उतार. पाळी आठ तासांची.

साहित्य: कामगाराच्या अंगावर बांधायचे, हवा ओढणारे ४ पंप, १० मिमीचे नायलॉन सायक्लोन (हवा गरगर फिरवून मोठे कण खाली पाडणारं छोटं उपकरण), ३७ मिमीच्या कॅसेटमध्ये ५ मायक्रॉनचे पीव्हीसी फिल्टर, प्रवाह मिनिटाला १.७ लिटर. योजना अशी: १२ जणांचा प्रत्येकी एक पूर्ण पाळीचा नमुना, सगळ्या ४६ जणांचा छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून घेतलेली फुफ्फुसांची चाचणी), आणि तुलनेला ऑफिसमधले कर्मचारी.

चाचणी म्हणून चार नमुने घेतले, त्यात दोन घोळ झाले. कडा घासणाऱ्याच्या फिल्टरवर ६.१ मिलिग्रॅम वजन आलं आणि डोळ्यांना दिसतील असे कण पडलेले होते. दुसऱ्या एका पंपाचा प्रवाह सकाळी १.७ होता, संध्याकाळी १.५. सरासरी १.६ धरून हिशेब केला तर चालेल का? आणि एकूण योजनेत काय चुकतंय?

---

सूक्ष्मदर्शी

आधी ते दिसणारे कण. रेस्पिरेबल धूळ, म्हणजे फुफ्फुसाच्या टोकापर्यंत उतरणारी, १० मायक्रॉनच्या आतली असते. सायक्लोन साधारण ४ मायक्रॉनच्या कणांपैकी निम्मे अडवतो, त्याहून बरेच मोठे जवळजवळ सगळेच. उघड्या डोळ्यांना सुटा कण दिसायला तो ५० मायक्रॉनच्या आसपास लागतो. तेव्हा फिल्टरवर कण सुटे दिसले की ते हवेतून सरळ आलेले नाहीत, सायक्लोन उलटा झाला होता. मोठी धूळ खालच्या टोपणात साठते. सायक्लोन आडवा-उलटा झाला की ती फिल्टरवर सांडते. कडा घासणारा माणूस दगडावर ओणवा होतो, जेवायला जाताना पट्टा काढून बाकावर ठेवतो, किंवा आपणच कॅसेट काढताना हात वाकडा करतो. यातलं एक नक्की झालंय. तुमचे ६.१ मिलिग्रॅम ८१६ लिटरने भागले तर घनमीटरला ७.५ मिलिग्रॅम येतात. कोरड्या घासाईत इतकी धूळ अशक्य नाही, म्हणून हा आकडा नुसता पाहून खरा वाटतो. तो नमुना बाद करा.

उपाय: सायक्लोन कॉलरजवळ, नाकातोंडापासून ३० सेंटिमीटरच्या आत, दोन ठिकाणी अडकवा म्हणजे लोंबणार नाही. कामगाराला बांधतानाच सांगा की हे उलटं करायचं नाही, काढायचं असेल तर आम्हाला हाक मारा. पाळी संपल्यावर सायक्लोन उभाच धरून आधी कॅसेट सुटी करा, तिला बुचं लावा, मगच बाकीचं खोला. खालचं टोपण प्रत्येक वापरानंतर रिकामं करून धुवा आणि पूर्ण वाळवा.

आता १.५ लिटर. ही सुमारे १२ टक्क्यांची घट आहे आणि ५ टक्क्यांवर फरक गेला की नमुना टाकून द्यायचा असतो. सरासरी धरून इथे भागत नाही, कारण प्रवाह बदलला की नुसतं हवेचं माप बदलत नाही, सायक्लोनची चाळणीच बदलते. प्रवाह कमी झाला की अधिक मोठे कण सुटून फिल्टरवर जातात. म्हणजे हवा कमी आणि धूळ भलतीच. अशी चूक भागाकाराने दुरुस्त होत नाही.

घसरण का झाली ते शोधा: नळी पट्ट्याखाली दबली असेल, बॅटरी जुनी असेल, फिल्टर धुळीने गच्च झाला असेल. कॅलिब्रेशन (पंपाचा प्रवाह मोजून ठरवणं) सायक्लोन आणि कॅसेट जोडूनच करा, नुसत्या पंपावर केलेलं कामाचं नाही. नायलॉन सायक्लोनला नळी थेट लावायला जागा नसते, म्हणून तो एका लिटरच्या बंद बरणीत ठेवून बरणीच्या तोंडावरून प्रवाह मोजतात. दर दोन तासांनी जाऊन पंप आणि नळी पाहून या.

धुळीच्या कामांना पाळीत दोन फिल्टर वापरा, जेवणाआधी एक आणि नंतर एक. एका फिल्टरवर २ मिलिग्रॅमच्या वर धूळ गेली की एक्स-रे डिफ्रॅक्शनचं (प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी सिलिका ओळखायच्या पद्धतीचं) मोजमाप बिघडतं. उलट ओल्या पॉलिशला एकच फिल्टर पूर्ण पाळी ठेवा, नाहीतर हाती काही लागणार नाही. हिशेब बघा: हवेत घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम सिलिका असेल तर ८१६ लिटरमधून फिल्टरवर येतं जेमतेम ४१ मायक्रोग्रॅम. अर्ध्या पाळीत २० आणि हवेत २५ च असेल तर १०. प्रयोगशाळेला साधारण ५ मायक्रोग्रॅमच्या खाली काही ओळखता येत नाही. नायॉश या कामगार-आरोग्याच्या अमेरिकी संस्थेच्या ७५०० क्रमांकाच्या पद्धतीत किमान ४०० लिटर हवा मागितली आहे ती याच कारणाने.

सिलिकाचं प्रमाण दगडाच्या तुकड्यावरून गृहीत धरू नका. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ (सिलिकाचं खनिज) जितकं असतं तितकंच बारीक धुळीत असेल असं नाही. आणि डिफ्रॅक्शनच्या आलेखात फेल्डस्पार, अभ्रक या दगडातल्या इतर खनिजांची शिखरं क्वार्ट्झच्या मुख्य शिखराशी गल्लत करतात, तेव्हा नमुन्याबरोबर 'ग्रॅनाइट' असं लिहून पाठवा. प्रत्येक खेपेला किमान दोन कोरे फिल्टर शेडमध्ये नेऊन, उघडून, लगेच बंद करून तसेच परत पाठवा.

---

निरीक्षा

मोजमापाचं वर आलंच आहे. मला जास्त काळजी वाटते ती कोणाला मोजताय याची.

१२ जणांचा एकेक नमुना म्हणजे प्रत्येक कामाला दोन-तीन. धूळ रोज सारखी नसते; त्याच माणसाचा दुसऱ्या दिवशीचा आकडा सहज तिप्पट येतो. कामवार गट करा आणि दर गटाला किमान ६ नमुने घ्या, वेगवेगळ्या दिवशी, काही माणसं दोनदा. आकडे लॉगनॉर्मल पसरतात (बरेचसे लहान, थोडे फार मोठे), म्हणून भौमितिक सरासरी आणि भौमितिक प्रमाणित विचलन (आकडे किती पटीने पसरलेत ते) काढा. समजा एका गटाची भौमितिक सरासरी ३० मायक्रोग्रॅम आणि विचलन २.५ आलं. साधी सरासरी निघेल सुमारे ४६, आणि ५० ची मर्यादा धरली तर सगळं ठीक वाटेल. पण ९५ वा शतांश, म्हणजे शंभरातल्या ९५ पाळ्या ज्याच्या खाली राहतात तो आकडा, १३५ येतो आणि जवळजवळ २९ टक्के पाळ्यांत ५० ओलांडले जातात. दोन्ही आकडे लागतात: मर्यादा पाळली जाते का हे ९५ व्या शतांशावरून बघायचं, आणि आयुष्यभरात किती धूळ गेली हे साध्या सरासरीवरून.

ऑफिसच्या माणसांशी तुलना मात्र सोडून द्या. त्यांचं वय, तंबाखू, मिळकत सगळंच वेगळं. शिवाय अंगमेहनतीच्या कामाला मुळात धडधाकट माणूसच लागतो, त्यामुळे सुरुवातीला कामगारांची फुफ्फुसं ऑफिसवाल्यांपेक्षा चांगलीच निघतील आणि धुळीचं नुकसान त्याखाली झाकलं जाईल.

त्याहून मोठी गफलत म्हणजे जे आज शेडमध्ये नाहीत ते. दम लागायला लागला की माणूस ग्राइंडर सोडतो. आधी चढ-उतारावर जातो, मग गेटवर बसतो, मग येईनासा होतो. तुमच्या यादीत तो 'गेट, धूळ नाही' असा दिसेल आणि सगळ्यात वाईट फुफ्फुस त्याचंच असेल. आजच्या कामावरून गट पाडलेत तर बिनधुळीचा गट आजारी आणि धुळीचा गट निरोगी असं उफराटं उत्तर मिळेल. सिलिकोसिसचा, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचा, नेहमीचा प्रकार दहा वर्षांनी किंवा त्याहून उशिरा दिसतो. जोराच्या धुळीत पाच ते दहा वर्षांत येतो, आणि फारच प्रचंड धूळ असेल तर काही महिन्यांतही. काम सोडल्यावरही तो वाढत राहतो. तीन वर्षं नोकरी झालेल्या ४६ जणांचे एक्स-रे स्वच्छ आले, तर त्यातून शेड सुरक्षित आहे असं सिद्ध होत नाही.

म्हणून हजेरीपत्रक, पगारपत्रक आणि ठेकेदाराची वही यांतून मागच्या १५-२० वर्षांची नावं काढा. रोजंदारीवरची माणसं कंपनीच्या कागदावर नसतात, ती ठेकेदाराच्या वहीतच सापडतात. कोण कधी सोडून गेलं, का गेलं, हयात आहे का, हे घरी जाऊन विचारावं लागेल. अभ्यासाचा अर्धा वेळ इथे जाईल आणि तो जायलाच हवा.

मग प्रत्येकाची कामाची कहाणी लिहून एकूण मात्रा काढा. उदाहरणार्थ ६ वर्षं कोरडी घासाई घनमीटरला ०.३० मिलिग्रॅमने म्हणजे १.८०, नंतर ९ वर्षं ओली कटाई ०.०४ ने म्हणजे ०.३६, मिळून २.१६ मिलिग्रॅम-वर्षं. तुलना कमी मात्रा आणि जास्त मात्रा अशी याच लोकांत आपसांत करा, वय आणि विडी-सिगारेट धरून. 'धूळ होती का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'पाणी होतं का, छप्पर होतं का, एका वेळी किती ग्राइंडर चालायचे' असं विचारा. जुनी धूळ मोजायची म्हणून पाणी बंद करून नमुना घ्यायचा मोह होईल. तो माणसाच्या छातीवर केलेला प्रयोग होतो. करू नका.

---

पिंपळपान

तपासणीबद्दल थोडं.

स्पायरोमेट्री: रोज सकाळी ३ लिटरच्या सिरिंजने तपासा, फरक ३ टक्क्यांच्या आत हवा. उंची चपला काढून मोजा, सांगितलेली धरू नका. बसवून, नाकाला चिमटा लावून किमान तीन नीट फुंकी घ्या. सर्वांत मोठ्या दोन फुंकींत एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) आणि एफव्हीसी (पूर्ण फुंकीतली एकूण हवा) दोन्हींचा फरक १५० मिलिलिटरच्या आत यायला हवा, आणि आठ फुंकींच्या पुढे ओढू नका. नेहमीची चूक म्हणजे माणूस लवकर थांबतो. मग एफव्हीसी कमी दिसतं, दोन्हींचं गुणोत्तर मात्र छान येतं आणि श्वासमार्गाचा अडथळा लपतो. आलेख शेवटच्या सेकंदाला सपाट झालाय का ते पाहा, नाहीतर फुंक पुन्हा घ्या. खोकल्यातून रक्त पडत असेल त्याला फुंकायला लावू नका, आधी डॉक्टरांकडे पाठवा.

सुरुवातीच्या सिलिकोसिसमध्ये स्पायरोमेट्री नॉर्मल असू शकते, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नका.

एक्स-रे: आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) वर्गीकरणानेच वाचून घ्या, त्याच्या प्रमाण फिल्म शेजारी लावून. किमान दोन वाचकांनी एकमेकांचं न बघता वाचावं, मतभेद झाला तर तिसरा. धुळीत कधीच न गेलेल्यांच्या काही फिल्म मध्ये मिसळा, म्हणजे वाचकाला अंदाज बांधता येणार नाही. त्या वर्गीकरणात ठिपक्यांच्या दाटपणाची श्रेणी सहसा १/० आणि त्यापुढे असेल तर बदल धरतात. डिजिटल प्रतिमा वैद्यकीय मॉनिटरवर मूळ फाइलमधून बघायची. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर दीड मिलिमीटरच्या आतले पी प्रकारचे ठिपके दिसत नाहीत.

क्षयरोगाचं विसरू नका. सिलिकामुळे क्षयाचा धोका वाढतो, आणि वरच्या भागातले डाग दोन्हींत असतात. जुन्या कागदावर 'टीबी' लिहिलेल्याला अभ्यासातून वगळलंत तर नेमका सिलिकोसिसचा माणूस वगळला जाईल. संशय आला की थुंकी तपासा, आणि उपचाराची सोय अभ्यास सुरू होण्याआधी लावून ठेवा.

---

रानवारा

डोळे उघडले. दोन शंका राहिल्या. नमुन्याच्या दिवशी मुकादमाने ग्राइंडरलाही पाण्याची नळी लावून दिली, जी एरवी नसते. आणि काही जण मास्क लावतात; मग पंप मास्कच्या आत लावायचा का?

---

सूक्ष्मदर्शी

सायक्लोन मास्कच्या बाहेरच. हवेत काय आहे ते मोजायचंय. मास्कची नोंद वेगळी ठेवा: कोणता, किती वेळ तोंडावर, किती वेळ हनुवटीखाली, दाढीमुळे फट पडते का. मास्क आहे म्हणून आकडा दहाने भागून टाकू नका. दहाने भागणं फक्त नीट बसवलेल्या आणि सतत लावलेल्या मास्कला लागू होतो.

पाण्याच्या नळीचं असं: दर १५ मिनिटांनी ओळ लिहा. पाणी चालू की बंद, कोणतं हत्यार, किती लाद्या झाल्या, कोणी हवेच्या नळीने कपडे झटकले. मग तो दिवस उत्पादनाच्या वहीशी ताडून पाहा. न सांगता आणखी तीन-चार दिवस नमुने घेतलेत की नेहमीची स्थिती समोर येते. तो नळीचा दिवस फेकू नका, 'पाण्यासह' असा वेगळा ठेवा. पाण्याने धूळ किती उतरते याचा तोच तुमच्याकडचा पुरावा आहे आणि मालकाशी बोलताना उपयोगी पडेल.

कपडे झटकणं दोन मिनिटांचं असतं, पाळीच्या सरासरीत बुडून जातं. त्यासाठी थेट वाचन देणारा फोटोमीटर (प्रकाशाच्या विखुरण्यावरून धूळ मोजणारं यंत्र) लावता येईल. पण तो पाण्याच्या तुषारालाही धूळ समजतो, म्हणून ओल्या कामाजवळ त्याचा आकडा धरू नका. कोरड्या जागीही शेजारी फिल्टर लावून त्याचा गुणक काढून घ्या. आणि सकाळी शेड उघडल्या उघडल्या जमिनीकडे बघा: आदल्या दिवशीचा गाळ वाळून पांढरा झालेला असतो, त्यावरून झाडू फिरला की ओल्या कटाईची सगळी कमाई हवेत जाते. झाडणाऱ्या माणसालाही एक पंप बांधा.

---

निरीक्षा

एक भर. प्रत्येकाचा निकाल बंद पाकिटात त्याच्याच हातात द्या आणि त्याच्या भाषेत वाचून दाखवा. मालकाला फक्त गटाचे आकडे, आणि पाचपेक्षा कमी माणसांचा गट असेल तर तोही नाही, कारण कोण ते लगेच कळतं. हे संमतीपत्रात आधीच लिहून ठेवा. नाहीतर नोकरी जाईल या भीतीने सगळ्यात जास्त दम लागणारा माणूस तपासणीच्या दिवशी रजेवर असेल.