मदत हवी आहे: आपल्यासाठी न थांबणारे जुने गेम्स सुचवा

मंडळी, एका ठरावीक प्रकारचे जुने गेम्स शोधतेय. 'सर्वोत्तम शंभर' छाप याद्या चाळल्या, पण तिथे फिरून फिरून तीच नावं येतात. म्हणून हा धागा.

आधी नेमकं काय हवंय ते सांगते. 'द लास्ट एक्स्प्रेस' कुणी खेळलाय का? 'प्रिन्स ऑफ पर्शिया'वाल्या जॉर्डन मेकनरचाच हा १९९७चा गेम. प्रिन्स सगळ्यांना माहीत, याचं मात्र कुणी नावही ऐकलेलं नसतं. ऐन प्रकाशनाच्या तोंडावर प्रकाशकाकडची मार्केटिंगची माणसंच सोडून गेली, त्यामुळे धड जाहिरातही झाली नाही. फार हळहळ वाटते, कारण असं काही मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

जुलै १९१४. पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलकडे निघालेली ओरिएंट एक्स्प्रेस. आपण रॉबर्ट कॅथ नावाचे अमेरिकन डॉक्टर, मित्राला भेटायला गाडीत चढतो तर मित्राचा खून झालेला. इथपर्यंत नेहमीचीच रहस्यकथा. खरी मजा घड्याळात आहे. ते खऱ्या वेळेच्या सहापट वेगानं सतत पळत असतं आणि प्रवासी आपापल्या वेळेनुसार जेवतात, भांडतात, झोपायला जातात. तुम्ही डायनिंग कारमध्ये एका टेबलाशेजारी बसून कान देत असाल, तर त्याच वेळी पलीकडच्या डब्यात झालेलं बोलणं हुकलं ते हुकलंच. घड्याळ मागे फिरवून पुन्हा तिथे जावं लागतं. एका प्रसंगात व्हायोलिन आणि पियानोची मैफल रंगते, आणि ती संपायच्या आत आपण हळूच उठून दुसऱ्यांच्या डब्यात झडती घ्यायची असते. हातात एकही शस्त्र नसताना इतकी धडधड मला कुठल्याच गेममध्ये झालेली नाही!

दुसरा आवडता म्हणजे 'थीफ: द डार्क प्रोजेक्ट' (१९९८). तो तसा नावाजलेला आहे, पण मला काय आवडतं ते कळावं म्हणून सांगते. फरशीवर पाऊल वाजतं, गालिच्यावर वाजत नाही, आणि पहारेकरी आपसात काय बोलतायत ते अंधारात उभं राहून ऐकता येतं. थोडक्यात, लढाईपेक्षा ऐकणं आणि वाट पाहणं ज्यात जास्त आहे असे गेम्स हवेत. ग्राफिक्स कितीही ओबडधोबड चालतील, नुसता मजकूर असला तरी चालेल. साधारण २००५च्या आधीचे असावेत. 'शेनमू' सुचवू नका, तो झालाय.

दोन नावं हाताशी आहेत, त्यांच्याबद्दल खेळलेल्यांचं मत हवंय. एक, इन्फोकॉम कंपनीचा 'डेडलाइन' (१९८२): निव्वळ मजकूर, खुनाच्या तपासाला बारा तास, आणि घरातली माणसं आपापल्या वेळी इकडून तिकडे जातात. डिस्कवर जागा पुरेना म्हणून साक्षी-पुराव्याचे कागद खोक्यात घालून दिले होते. ते कागद न वाचता खेळण्यात अर्थ नाही असं दिसतंय, बरोबर ना? दुसरा, प्लेस्टेशन २वरचा 'ग्रेगरी हॉरर शो' (२००३). हॉटेलातल्या पाहुण्यांवर किल्लीच्या भोकातून नजर ठेवायची, त्यांच्या सवयी टिपायच्या. कल्पना झकास आहे, पण ती शेवटपर्यंत टिकते का?

आता तांत्रिक अडचण. डॉसच्या (विंडोजच्या आधीची संगणक-प्रणाली) काळातले काही गेम्स प्रोसेसरच्या वेगावर चालतात, त्यामुळे डॉसबॉक्समध्ये (ते गेम्स आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) सायकल्स, म्हणजे त्यातल्या नकली प्रोसेसरचा वेग, जास्त झाल्या की सगळं सुसाट पळतं. मारामारीच्या गेममध्ये ते लगेच कळतं. पण जिथे घड्याळ हाच गेमचा जीव आहे, तिथे वेग थोडा जरी चुकला तरी संवाद निसटतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. कंट्रोल-एफ११ आणि एफ१२नं सायकल्स कमी-जास्त करता येतात, ते ठाऊक आहे. पण मूळ वेग हाच, हे तुम्ही कशावरून ठरवता? कुणी संगीताच्या लयीवरून किंवा एखाद्या ॲनिमेशनवरून जुळवत असेल तर कृपया सविस्तर लिहा.

गेम सुचवताना कुठली आवृत्ती घ्यायची आणि चाहत्यांनी केलेला एखादा पॅच (दुरुस्तीची फाइल) लागतो का, तेही सांगा. नवे रीमेक नकोत, मूळच खेळायचेत. आणि कृपा करून खुनी कोण ते लिहू नका.