परत आलेल्या 'ठगा'चे मराठीत काय करावे?

अनुवादिका:
न्यू जर्सीत वाढलेल्या माझ्या मुलीने इंग्रजीत लिहिलेला एक उपहासलेख आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी मराठीत आणते आहे आणि एका शब्दापाशी चार दिवस अडकले आहे. लेख म्हणजे अमेरिकेतल्या एका काल्पनिक वृत्तपत्राने उपसंपादकांसाठी काढलेले परिपत्रक आहे. कुठेही गोळीबार झाला की आधी चेहरा पाहावा आणि मगच शब्द निवडावा, असे त्यात बजावले आहे. गोळ्या झाडणारा गोरा असेल तर तो एकलकोंडा, मनाने खचलेला आणि शेजाऱ्यांच्या मते अतिशय शांत मुलगा. सावळा आणि दाढीवाला असेल तर दहशतवादी, त्यासाठी तपासाची वाट पाहू नये. आणि काळा असेल तर 'थग', मग गोळी त्याने झाडलेली असो की त्याला लागलेली असो. या शेवटच्या अर्ध्या वाक्यावर सगळा लेख उभा आहे. शब्द आपलाच म्हणून मी निर्धास्तपणे 'ठग' लिहिले आणि खर्डा मामंजींना वाचायला दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, "गोळी लागली हे कळले, पण याने फसवले कोणाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. जाणकारांनी कृपया शब्द सुचवावा. अंक पंधरा दिवसांत छापायला जाणार आहे.

कोशकीटक:
मामंजींचे बरोबर आहे. संस्कृतात 'स्थग' म्हणजे लबाड, धूर्त, आणि त्यामागचा धातू झाकणे, लपवणे या अर्थाचा आहे. त्यावरून आपल्याकडे ठक, ठकवणे, ठकसेन, 'ठकास महाठक' ही सगळी वंशावळ आली, आणि तिच्यात रक्ताचा थेंबही नाही. आपला ठक बोलण्यात गुंतवतो आणि खिसा हलका करतो, एवढेच. खुनाचा अर्थ पक्का केला तो जबलपूरच्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने आणि त्याच्या कचेरीने. १८३० च्या दशकात वाटसरूंना रुमालाने गळफास देणाऱ्या टोळ्यांसाठी हा शब्द सरकारी कागदपत्रांत रुजला, आणि पुढे नळदुर्गास अधिकारी म्हणून आलेल्या मेडोज टेलरच्या १८३९ च्या कादंबरीने तो इंग्लंडच्या दिवाणखान्यांत नेऊन बसवला. तेथून तो अमेरिकेत गेला. थोडक्यात, आपण भामटा पाठवला आणि परत आला तो खुनी.

जाता जाता एक गंमत सांगतो. 'स्थगित' हा शब्दही याच धातूचा. संस्कृतात त्याचा अर्थ झाकलेला असा होता, आपण तो लांबणीवर टाकलेला असा केला. कनेक्टिकटमधील न्यूटाउनच्या शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेल्यानंतर, एप्रिल २०१३ मध्ये बंदूक विकण्यापूर्वी खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याचा विस्तार करणारी दुरुस्ती अमेरिकन सेनेटपुढे आली. तिला ५४ विरुद्ध ४६ मते पडली, म्हणजे बहुमत मिळाले, तरीही ६० चा उंबरठा न गाठल्याने ती पडली. तेव्हा ठगी आणि स्थगिती यांचे नाते केवळ व्याकरणातलेच आहे, असे मला वाटत नाही.

गोदाकाठ:
एवढ्या पाल्हाळाची गरज काय? 'गुंड' लिहावे. प्रत्येक वाचकाला समजेल. अधिक जहाल हवा असेल तर 'मवाली' आहे, आणि अस्सल जुना हवा असेल तर 'पुंड' आहे. पुंडपाळेगार म्हटले की जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, ते कोणत्याही आयात शब्दाने उभे राहणार नाही. परकीय शब्द जसाच्या तसा ठेवण्याची सवय लागली की भाषेचे हातपाय लुळे पडतात.

जर्सीकर:
गोदाकाठ, ज्या 'मवाली'ला आपण पदरात घेतले आहे, तो अरबी 'मौला'चे अनेकवचन आहे असे माझे एक प्राध्यापक सांगत असत. ते खरे असेल तर आपण परकीयाला हाकलून परकीयालाच आसन दिले आहे.

मूळ प्रश्नाबद्दल माझे म्हणणे असे, की 'गुंड' म्हटल्यावर अर्थ येतो, पण लेख मरतो. गुंड कोणत्याही जातीचा, रंगाचा असू शकतो, आणि निवडणुकीच्या सुमारास तो पांढऱ्या कपड्यांतही दिसतो. अमेरिकेत आज 'थग' म्हणताना बोलणाऱ्याला रंग उच्चारावा लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला तो बरोबर ऐकू येतो. एप्रिल २०१५ मध्ये पोलिसांच्या ताब्यातील एका कृष्णवर्णीय तरुणाच्या मृत्यूनंतर बाल्टिमोरमध्ये जाळपोळ झाली, तेव्हा हा शब्द खुद्द ओबामांनी वापरला आणि शहराच्या महापौरबाईंनीही वापरला. दोघेही कृष्णवर्णीय, तरी इतका गदारोळ झाला की महापौरबाईंना दोन दिवसांत शब्द मागे घ्यावा लागला.

पाच वर्षांनी तर शब्दकोशकारांनी चौकटीत छापावे असे उदाहरण मिळाले. ३० एप्रिल २०२० रोजी मिशिगनमध्ये टाळेबंदीच्या विरोधात आंदोलकांचा जमाव लॅन्सिंगच्या विधिमंडळात शिरला, आणि त्यांतील काहींच्या खांद्यांवर रायफली होत्या. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ही फार चांगली माणसे आहेत, फक्त रागावलेली आहेत, असे लिहिले. त्यानंतर बरोबर चार आठवड्यांनी, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यावर मिनिआपोलिस पेटले, तेव्हा त्यांच्याच लेखणीतून 'थग्ज' उतरले, तेही मोठ्या अक्षरांत, आणि लुटालूट सुरू झाली की गोळीबार सुरू होतो अशा पुस्तीसह. ती पुस्तीही त्यांची स्वतःची नव्हती. मायामीच्या पोलीसप्रमुखाने ती १९६७ मध्येच उच्चारली होती. अनुवादिकाताई, आपल्या लेकीने काल्पनिक परिपत्रक लिहिण्याचे कष्ट उगाच घेतले.

पेनगंगा:
यात एक पदर राहिला. हाच शब्द कृष्णवर्णीय तरुणांनी अंगावर मिरवलाही आहे. टुपाक शकूर या रॅप गायकाने तो पोटावर ठसठशीत गोंदवून घेतला होता, आणि त्याच्या पुढच्या 'लाइफ' या शब्दातील एका अक्षराच्या जागी बंदुकीची गोळी काढली होती. शिवी म्हणून फेकलेला शब्द झेलून बिरुदासारखा लावण्याची ही तऱ्हा 'गुंड' या शब्दात कशी आणणार? बाकी, 'ठकी' म्हणजे लाकडी बाहुली हे कोणी सांगितले नाही याचे आश्चर्य वाटले. माझ्या पणजीचे नाव ठकूबाई होते, आणि तिने आयुष्यात कोणालाही फसवले नाही.

निळी शाई:
कोशकीटकांनी स्लीमनचा उल्लेख केला, पण खरी गोष्ट १८३६ च्या कायद्यात आहे. ठगांच्या टोळीत एखादा माणूस कधीकाळी होता एवढे ठरले की जन्मठेप; त्याने कोणाचा, कोठे, केव्हा जीव घेतला हे सिद्ध करण्याची गरज नव्हती. कृत्य नको, नाव पुरे. त्याच वाटेने १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला, आणि पुढे पारध्याच्या घरात जन्मलेले मूल पाळण्यातूनच पोलिसांच्या नोंदवहीत गेले. कायदा १९५२ मध्ये गेला, पण गावात चोरी झाली की पहिली जीप कोणत्या पालांकडे वळते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना बाल्टिमोर समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा हा शब्द अमेरिकेत जाऊन बिघडला असे मला वाटत नाही. ज्या कामासाठी इंग्रजांनी तो घडवला, तेच काम तो तेथे करतो आहे.

आता गोदाकाठांच्या शुद्धतेविषयी. १९७२ मध्ये मुंबईत ढसाळ, ढाले आणि ज. वि. पवार यांनी अमेरिकेत ओकलंडला निघालेल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून आपल्या 'दलित पँथर'चे नाव घेतले, तेव्हा 'पँथर'ला मराठी प्रतिशब्द शोधत कोणी बसले नाही. भाषेचे हातपाय लुळे पडल्याचे मी तरी ऐकलेले नाही. उलट त्या पिढीची मराठी कविता आठवा. माझ्या मते 'थग' हाच शब्द देवनागरीत ठेवावा.

त्या मूळ पँथरांची गोष्टही या लेखात बसेल. २ मे १९६७ रोजी सुमारे तीस जण भरलेल्या बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात गेले. कायद्याने तेव्हा त्याला मज्जाव नव्हता. मज्जाव करणारे विधेयक मात्र त्यांना रोखण्यासाठीच मांडलेले होते. त्या भेटीनंतर ते झपाट्याने पुढे सरकले आणि भरलेली बंदूक उघड्यावर बाळगण्यावर कॅलिफोर्नियात बंदी आली. त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन होते, आणि बंदूकधारकांच्या राष्ट्रीय रायफल संघटनेचाही त्याला पाठिंबा होता. आता हे लॅन्सिंगच्या चांगल्या माणसांशेजारी ठेवून पाहावे.

गोदाकाठ:
पँथर हे विशेषनाम होते. विशेषनामाचे भाषांतर कोणीच करत नाही. 'थग' हे सामान्यनाम आहे. माझा मुद्दा कायम आहे.

अनुवादिका:
सर्वांचे आभार. 'थग' ठेवला तर तळटीप द्यावी लागेल, आणि तळटीप दिलेला विनोद म्हणजे निवलेला चहा. शिवाय त्याच परिच्छेदात दुसरी अडचण आली आहे. बंदूकवाल्या दुर्जनाला फक्त बंदूकवाला सज्जनच थोपवू शकतो, हे राष्ट्रीय रायफल संघटनेच्या वेन लापिएर यांनी न्यूटाउननंतर आठवडाभरातच काढलेले उद्गार लेखात आहेत. मी 'बंदूकधारी सज्जन' लिहिले, तर मामंजी पुन्हा हसले. मराठी वृत्तपत्रे वाचून त्यांना बंदूकधारी म्हटला की तो हल्लेखोरच दिसतो.

कोशकीटक:
हे तर समर्थांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे: 'धटासी आणावा धट, उत्धटासी पाहिजे उत्धट.' त्याच चालीवर भाषांतर केले तर वाचक मान डोलावतील.

निळी शाई:
ते मान डोलावतील हेच भय आहे. समर्थ धटापुढे धट उभा करतात, त्याला सज्जन म्हणण्याचा भोळेपणा करत नाहीत. लापिएर यांच्या वाक्यातली मेख नेमकी सज्जन या शब्दात आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये शिकागोजवळच्या एका बारमध्ये गोळीबार झाला. तेथील सुरक्षारक्षकाने हल्लेखोराला जमिनीवर पालथे पाडून पाठीवर गुडघा रोवून धरले होते, हातात पिस्तूल होते, म्हणजे संघटनेच्या व्याख्येतील सज्जन जसा असावा तसा तो होता. पोलीस आले आणि त्यांनी सुरक्षारक्षकालाच गोळी घातली. तो कृष्णवर्णीय होता.

पेनगंगा:
'बंदूकवाला भला माणूस' चालेल. 'वाला' लावला की माणूस भाजीवाल्यासारखा रोजच्या ओळखीचा होतो.

मूळ शब्दाबद्दल मला आता असे वाटते, की आपल्याकडे हे काम नामाने होतच नाही, विशेषणाने होते. 'विशिष्ट समाजाच्या जमावाने' असे छापून येते, तेव्हा तो समाज कोणता हे प्रत्येक वाचक क्षणात ओळखतो, आणि छापणाऱ्याने काहीच म्हटलेले नसते. 'थग'च्या जागी 'विशिष्ट तरुण' लिहून पाहावे: काळा असेल तर विशिष्ट तरुण, मग गोळी त्याने झाडलेली असो की त्याला लागलेली असो.

जर्सीकर:
उत्तम आहे, पण मग ते अमेरिकेचे परिपत्रक राहत नाही. ते आपल्याच एखाद्या उपसंपादकाच्या टेबलावरून उचलल्यासारखे वाटते.

पेनगंगा:
मग हरकत काय आहे?

अनुवादिका:
अंक काल छापून आला. मी शेवटी 'थग' ठेवला होता, तळटिपेशिवाय. संपादकमहोदयांनी मला न विचारता तेथे 'समाजकंटक' केले आहे, आणि 'मग गोळी त्याने झाडलेली असो की त्याला लागलेली असो' हा भाग जागेअभावी गाळला आहे. मामंजींना लेख फार आवडला.

गोदाकाठ:
'समाजकंटक' तत्सम आहे, मराठी नव्हे. 'पुंड' अधिक शोभला असता.