मदत हवी आहे: मॉन्स्टर हायच्या जुन्या बाहुल्यांचे चिकट केस, आणि एक अनोळखी पाहुणी

ठाणेकरीण

नमस्कार मंडळी. बाहुल्यांबद्दल इथे कुणाला काही माहीत असेल का, शंकाच आहे. पण सातबाऱ्यापासून कुकरच्या शिटीपर्यंत सगळं इथेच विचारत आले, म्हणून हेही विचारते.

माझ्या नणंदेची मुलगी न्यू जर्सीत, एडिसनला वाढली. मे महिन्यात आली तेव्हा लहानपणीच्या बाहुल्यांचा खोका माझ्या लेकीला, मिनूला देऊन गेली. मिनू नऊ वर्षांची आहे. खोक्यात पाच बाहुल्या, दोन डबे भरून बूट-पट्टे-पर्सा आणि काडेपेटीहून जराशा मोठ्या दोन-तीन डायऱ्या. खोक्यावर मॉन्स्टर हाय लिहिलंय (भुताखेतांच्या मुलांची शाळा, असं मिनू सांगते), बहुतेकींच्या पाठीवर मॅटेल हे कंपनीचं नाव आणि २००८ साल कोरलंय.

तीन बाहुल्या मिनूने डायऱ्यांवरून ओळखल्या: ड्रॅक्युलोरा, फ्रँकी, क्लॉडीन. चौथी फिकट निळी, चमचमती, पांढऱ्या केसांत गुलाबी-निळ्या बटा, आणि खालच्या ओठातून दोन सुळे वर आलेले. हिची डायरी नाही. पाचवी माणसासारखीच, काळ्या-जांभळ्या केसांची. या दोघी कोण?

खरा त्रास केसांचा आहे. ड्रॅक्युलोराचे केस मुळाशी इतके चिकट की हात लावला तर बोटं ओढली जातात, आणि घरातली सगळी धूळ तिच्या डोक्यावर. शाम्पूने तीनदा धुतले. वाळल्यावर छान वाटतात, आठवड्यात पुन्हा तेच. जाऊबाई म्हणाल्या खोबरेल लाव, चिकटपणा सुटतो. लावलं. आता चिकट आणि तेलकट. काल नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली हातात घेतली होती, तेवढ्यात वाटलं आधी विचारावं.

शिवाय फ्रँकीचा डावा हात कोपरापासून गायब आहे. आणि मिनूने यूट्यूबवर तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी बघितल्यात, त्यामुळे "आई, खरी कुठली?" हे दिवसातून चारदा ऐकते.

सासूबाईंचा वेगळाच प्रश्न: घरात भुतं आणून देवघराच्या भिंतीला टेकवून ठेवायची का. त्याचं उत्तर मी देईन, बाकीची तुम्ही द्या.

रिकामटेकडा

बाटली खाली ठेवा आणि धागा वर काढा. :)

दूरदेशी

ठाणेकरीण ताई, रिमूव्हर नको म्हणजे नकोच. त्यातल्या ॲसिटोनने चेहऱ्यावरचे डोळे-ओठ पुसले जातात. हौशी मंडळी चेहरा नव्याने रंगवायचा असला की मुद्दाम तेच वापरतात. आणि या बाहुल्यांचं डोकं मऊ व्हिनाइलचं असलं तरी अंग कडक प्लास्टिकचं असतं, त्यावर ॲसिटोन पडलं की ते विरघळून पांढरट, खडबडीत होतं.

मी अमेरिकेत असताना मुलीच्या निमित्ताने या बाहुल्या जमवायला लागलो. मुलगी मोठी झाली, माझं सुटलं नाही. चिकट केसांचा हा आजार आम्हा लोकांत प्रसिद्ध आहे. केस डोक्यात टोचून झाले की ते सुटू नयेत म्हणून कारखान्यात कवटीच्या आतून गोंद लावलेला असतो. काही वर्षांनी तो गोंद मऊ पडतो आणि केस ज्या भोकांतून बाहेर येतात तिथूनच पाझरतो. तुम्ही वरून कितीही धुवा, टाकी आत भरलेलीच आहे. म्हणून आठवड्याने पुन्हा तेच.

उपाय आहे, चिकाटी लागते. डोकं काढावं लागेल. गरम पाण्यात (उकळत्या नव्हे) डोकं दोन-तीन मिनिटं बुडवून ठेवा, व्हिनाइल मऊ होतं. मग हळूहळू डावीउजवीकडे फिरवत वर ओढा. मानेची खुंटी आत नांगरासारखी रुंद असते. थंड असताना हिसका दिलात तर खुंटी मोडते, आणि मोडली की धड एकीकडे, डोकं एकीकडे. (त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका ब्लडगुड बाई डोकं काखेत घेऊनच फिरतात, पण त्यांचं तसं ठरलेलं आहे.)

डोकं निघालं की आतला गोंद चिमट्याने जेवढा सुटा येईल तेवढाच काढा. खरवडून लख्ख करायच्या नादाला लागू नका. केसांच्या गाठी त्याच गोंदात बसल्यात, त्या निघाल्या तर टक्कल पडेल. मग केसांवर भांडी घासायचा लिक्विड साबण तसाच, पाणी न घालता चोळा, दहा मिनिटांनी धुवा. वाळले की मुळांशी कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर भरून रात्रभर ठेवा, सकाळी झटका, पुन्हा साबण. दोन-तीन फेऱ्या होतील. खोबरेल अगदीच चुकीचं नव्हतं बरं का, तेलाने असला गोंद सैल पडतो, पण नंतर ते तेलही काढावं लागतं. शेवटी कपड्यांचं कंडिशनर चार थेंब, आणि मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडून मुळाकडे.

आता पाहुणी. निळी, सुळेवाली म्हणजे ॲबी बॉमिनेबल. हिममानवाला इंग्रजीत ॲबॉमिनेबल स्नोमॅन म्हणतात, त्याचेच दोन तुकडे करून नाव-आडनाव केलंय. यतीची मुलगी, २०११ ची बाहुली. सोबत शिव्हर नावाचा लोकरी हत्ती असायचा, डब्यात शोधा. आणि सासूबाईंना सांगा, ही परदेशी नाही, आपल्या हिमालयातली आहे. फक्त बोलते रशियन माणसाने मोडकं इंग्रजी बोलावं तशी. का, ते मॅटेललाच ठाऊक. काठमांडूचा एखादा माणूस तरी विचारायचा होता.

जांभळ्या केसांची बहुतेक रेव्हन क्वीन असावी. ती मॉन्स्टर हायची नाहीच, एव्हर आफ्टर हाय म्हणून २०१३ मध्ये धाकटी शाखा निघाली तिची. तिथे भुतांऐवजी परीकथांतल्या लोकांची मुलं शिकतात. ही दुष्ट राणीची मुलगी, आणि आईसारखं व्हायचं नाही म्हणून अडून बसलेली. तिचंही डोकं चाचपून बघा, गोंदाचा त्रास त्या घराण्यातही आहे.

पाठीवरच्या २००८ वर जाऊ नका. ते हक्कनोंदणीचं साल. बाहुल्या दुकानात आल्या २०१० च्या उन्हाळ्यात. १९६६ कोरलेल्या बार्बी नव्वदच्या दशकातही निघत होत्या, त्यातलाच प्रकार.

खटपट्या

फ्रँकीचा हात हरवलेला नसणार. पहिल्या पिढीच्या या बाहुल्यांचे हात कोपरापासून आणि पंजे मनगटापासून निघतात, कारण नाहीतर घट्ट बाह्यांतून हात जातच नाहीत. मुलं कपडे बदलताना हात काढतात आणि तो बाहीतच राहतो. सगळी जॅकिटं झटकून बघा.

आबोली

अय्या, फ्रँकीचा हात सुटलेला असणं हेच बरोबर आहे! कार्टूनमध्ये तिचे टाके उसवून हात-पाय सारखे गळत असतात. फ्रँकेन्स्टाइनच्या घरची ना ती, आणि वय किती, तर शाळेत येते तेव्हा पंधरा दिवस! ड्रॅक्युलोरा सोळाशेला एक कमी, ममीची मुलगी क्लिओ पाच हजार आठशे बेचाळीस, आणि सगळ्या एकाच वर्गात. मी बाविशीत असताना ते दोन-तीन मिनिटांचे भाग ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत बघायचे. कुणाला सांगू नका.

रिकामटेकडा

एक बारीक दुरुस्ती. फ्रँकेन्स्टाइन हे त्या राक्षसाचं नाव नव्हे, त्याला बनवणाऱ्या शास्त्रज्ञाचं. मेरी शेलीची कादंबरी १८१८ मध्ये आली तेव्हापासून जग चुकतंय. आणि मूळ पात्रं सगळी जुनी, ड्रॅक्युला १८९७ चा, म्हणजे कुणाला दमडी न देता वापरता येतात. वर 'गर्ल' च्या जागी 'घूल' (म्हणजे पिशाच्च) म्हणायचं की झाला विनोद. कंपनी हुशार आहे. बाकी पोरींना इतकी बारीक कंबर आणि उंच टाचा दाखवायच्या आणि वर "जशा आहात तशा छान" शिकवायचं, हे मला पटलेलं नाही. मूळ प्रश्न तो नाही, माहीत आहे.

दूरदेशी

कंबरेचं मान्य. २०२२ मध्ये आलेल्या नव्या बाहुल्यांत त्यांनी उंची-बांधा प्रत्येकीचा वेगळा ठेवलाय. म्हणूनच ताई, मिनूला नवी घेऊन दिलीत तर हे जुने कपडे होतीलच असं नाही.

"खरी कुठली" याचं उत्तर: तीनही. गॅरेट सँडरने हे विश्व २०१० मध्ये उभं केलं, ती पहिली पिढी. यूट्यूबचे छोटे भाग आणि मग दरवर्षी एक-दोन सिनेमे. मिनूने छोट्या भागांपासून सुरू करावं, कारण तिच्या हातातल्या बाहुल्या त्याच गोष्टीतल्या आहेत. मग २०१२ चा 'घूल्स रूल', २०१३ चा '१३ विशेस'. नऊ वर्षांच्या मुलीला काही खटकणार नाही. २०१६ मध्ये त्यांनी पाटी पुसून पुन्हा लिहिली: चेहरे गोड केले, शाळा कशी सुरू झाली तेही बदललं. ते फार चाललं नाही, २०१८ ला दुकान जवळजवळ बंद. २०२२ मध्ये तिसऱ्यांदा, खऱ्या नटांचा सिनेमा आणि निकलोडियनवर नवं कार्टून. त्यात क्लॉडीन अर्धी माणूस आहे आणि ते लपवत फिरते. जुन्यात ती अख्खी लांडगी, भावंडांनी भरलेल्या घरातली.

लिसी हॅरिसनची मॉन्स्टर हायवरची पुस्तकं मात्र दोन-तीन वर्षं थांबून द्या. त्यात ओरेगनमधल्या सेलम गावात ही मंडळी माणसांपासून लपून राहतात, आणि प्रेमप्रकरणं बरीच. चौथी वेगळीच गोष्ट आहे ती.

ठाणेकरीण

किती लिहिलंत सगळ्यांनी! खटपट्या दादा, हात सापडला. क्लॉडीनच्या जॅकिटाच्या बाहीत. मिनू घरभर तो हात दाखवत फिरतेय. हत्ती मात्र नाही मिळाला.

एक उपप्रश्न निघालाय. नव्या कार्टूनमध्ये फ्रँकीला 'ती'ही म्हणत नाहीत आणि 'तो'ही नाही, 'दे' म्हणतात. मिनू विचारते, मराठीत गोष्ट सांगताना फ्रँकी आली म्हणू की आला?

आबोली

"फ्रँकी आले". आपण सरांना, काकांना म्हणतो तसं. मानही राहतो.

खटपट्या

मालवणीत प्रश्नच नाही. इलो, इली, इला. चेडू असलं की "ता इला". आमची आजी सगळ्या मुलींना तसंच म्हणायची.

ठाणेकरीण

खटपट्या दादा, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचं माहेर शिरोड्याजवळ, आरवलीचं. पहिल्यांदाच त्या बाहुल्यांकडे वळून बसल्या.

आणि आता मिनूने नवंच काढलंय. प्रत्येक बाहुलीला एक बाप किंवा आई असते ना भुतांतली, तर तिला एक मराठी बाहुली करायची आहे. रेव्हन क्वीनच्या जुन्या फ्रॉकवर खण शिवून. ती म्हणते मुंजाची मुलगी.

रिकामटेकडा

मुंजाला मुलगी कुठून येणार? मुंज झाल्यावर लग्नाआधीच गेलेला पोरगा तो. हडळीची चालेल. खवीसाचीही.

दूरदेशी

पहिल्या पिढीत 'क्रिएट अ मॉन्स्टर' म्हणून संचच निघायचे. हात-पाय सुटे मिळायचे, जोडा हवं ते. तेव्हा मिनूची कल्पना अगदी घराण्याच्या रीतीतली आहे. फक्त ठरलेल्या तीन गोष्टी लागतात: पाळीव प्राणी, डायरी, आणि एक वस्तू जिच्यावरून बाप ओळखू यावा.

ठाणेकरीण

शेवटची खबर देते. डोकं परवा निघालं. गरम पाणी, फिरवत फिरवत, अगदी सांगितलंत तसं. आतून पिवळट चिकाचा गोळा निघाला चिमूटभर, बघवत नव्हता. साबणाच्या तीन फेऱ्या, कॉर्नफ्लोअरच्या दोन. आज पाचवा दिवस, केस कोरडे आहेत. कानामागे किंचित चिकट लागतं, तिथे पुन्हा पावडर भरलीय. रेव्हन क्वीनचं डोकं चाचपलं, ते ठीक आहे.

मुंजा रद्द झाला. सासूबाईंनी परस्पर ठरवलं: वेतोबाची नात. "मुलगी म्हणू नये, नात चालते," असं त्यांचं मत, कारण विचारायचं नाही. आरवलीला वेतोबाला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, हे त्यांनी मिनूला सांगितलं. आता त्या बाहुलीला तिच्या गुडघ्याएवढ्या चपला हव्यात. जुन्या पर्सच्या चामड्यातून सासूबाई कापतायत. मला फक्त एवढं सांगा, एवढ्या जड चपला घालून ही बाहुली उभी राहील का, की मागे आधाराची काडी लागेल?

आणि ड्रॅक्युलोराची डायरी काल वाचून झाली. ती रक्ताचं नुसतं नाव ऐकलं तरी चक्कर येऊन पडते, मांस-मच्छी-दूध काही खात नाही, हे कळल्यावर सासूबाईंनी तिला हातात घेऊन नीट पाहिलं, म्हणाल्या, "मगे ह्या श्रावणात चलात," आणि देवघरासमोरच्या फळीवर ठेवून दिली. बाकीच्या चौघी अजून खोक्यात आहेत.

खटपट्या

काडी लागेल. टाचेत नाही, कमरेला बांधा.