चार वर्षांच्या मुलीला घेऊन बोर्निओला गेलो, यात बेजबाबदारपणा कसला?

माहीमचा_मुक्काम
काल लेकीच्या बालवाडीच्या पालक ग्रुपवर एक पोस्ट आली. सांगणं असं, की पाच वर्षांच्या आतल्या मुलांना परदेशातल्या जंगलात, बेटांवर टूर कंपनीशिवाय नेणारे आईबाप फक्त स्वतःची हौस भागवतात. पोरांना त्यातलं काही आठवत नाही, आणि काही झालंच तर धावणार कोण? खाली अंगठ्यांची रांग. डोकं फिरलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आम्ही मे महिन्यात साबाला, म्हणजे बोर्निओ बेटावरच्या मलेशियाच्या राज्यात, गेलो होतो. सेपिलोकच्या केंद्रात ओरांगउटान या मोठ्या वानरांना सकाळी दहाला आणि दुपारी तीनला खायला ठेवतात. सकाळी गर्दी, उकाडा, लेक चिडचिडली. तिला खोलीवर आणून झोपवलं आणि दुपारी पुन्हा गेलो. तेव्हा एक मादी पोटाशी पिल्लू घेऊन दोरावरून आली. केळं सोलून तोंडात घातलं, तर पिल्लाने तिच्या ओठांतूनच तुकडा ओढून घेतला. लेक कठड्याला नाक लावून उभी, हूं की चूं नाही. ओरांगउटानचं पिल्लू सहा-सात वर्षं आईला सोडत नाही, हे तिथल्या माणसाने सांगितलेलं ती आजही घरी येईल त्याला सांगते.

लहान मूल बरोबर असेल तर वेळापत्रक मुलाचं हवं. दमलं की थांबायचं, बेत मोडायचा, परत फिरायचं. ते स्वतः गेल्याशिवाय जमत नाही.

परळची_सिस्टर
लेकीला काय आठवतं हा मुद्दाच नाही. लहान मुलांच्या वॉर्डात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, म्हणून बोलते. मलेशियात माणसाकडून माणसाकडे जाणारा स्थानिक मलेरिया २०१८ पासून नोंदला गेलेला नाही, म्हणून लोक बिनधास्त असतात. पण साबात माकडांकडून डासांमार्फत येणारा नोलेसी मलेरिया आहे, आणि त्याचे जंतू दर २४ तासांनी वाढतात. पोराचं अंग तापलं, तुम्ही 'प्रवासाचा शीण' म्हणून औषध पाजून एक दिवस काढलात, तर तोच दिवस महागात पडतो. तुम्ही किनाबातांगान नदीवर राहिला असाल तर तिथून सॅंडाकान शहरातलं मोठं रुग्णालय दोन-तीन तासांवर. कंपनीबरोबर निदान गाडी आणि तिथली भाषा येणारा माणूस हाताशी असतो. तुमच्याजवळ कोण होतं?

गोरेगाव_पूर्व
सिस्टर, कंपनीचं नका सांगू. आम्ही एका नावाजलेल्या कंपनीबरोबर श्रीलंकेला गेलो होतो. मुलगा तीन वर्षांचा. याला नावाच्या जंगलातल्या सफारीसाठी पहाटे अंधारात उठवलं, वाटेत त्याला उलट्या सुरू झाल्या. टूर मॅनेजर म्हणाला, "मॅडम, आता बस थांबवली तर बाकीच्यांची सफारी चुकेल." गाडी होती, माणूस होता, भाषा होती. थांबायची सोय नव्हती. मी पिशवी धरून बसले आणि मागच्या सीटवर भेंड्या चालू होत्या. रात्री जेवणात आमरस होता, तर सगळा ग्रुप मॅनेजरचं कौतुक करत होता. आमरस मी घरी करते हो, त्यासाठी पैसे भरले नव्हते.

माहीमचा_मुक्काम
सिस्टर, नदीवर राहिलो होतो. लॉजची गाडी रात्रीसुद्धा मिळेल का, हे विचारूनच खोली घेतली होती. मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे, डासांचं मलम, सगळं होतं. आणि पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो तिन्ही असतात. म्हणून मुंबई सोडायची का?

परळची_सिस्टर
मुंबईत ताप आला तर तासाभरात रक्त तपासून होतं. तुलना करताय कशाची कशाशी!

वेसाव्याचा_नाखवा
मलेरियाचं तुम्ही बघा. मला एवढंच सांगा, सेलिंगान बेटावर कासवं बघायला गेलात काय? आणि बोटीवर पोरीच्या अंगात काय होतं?

माहीमचा_मुक्काम
गेलो. सॅंडाकानहून स्पीडबोटीने तासभर. रात्री जेवणाच्या हॉलमध्ये थांबायचं, कासवीण वाळूत येऊन अंडी घालायला लागली की रेंजर बोलावतो. एका रात्री एकच दाखवतात, फ्लॅश बंद. लाइफ जाकिटं बोटीवर होतीच, पण लेकीचं तिच्या मापाचं मुंबईहून नेलं होतं.

वेसाव्याचा_नाखवा
हे बरं केलंत. बाकीच्यांनी ऐका. मोठ्यांचं जाकीट पोराला घातलं तर ते घातलंच नाही असं धरा. पाण्यात पडल्यावर जाकीट वर तरंगतं आणि पोर खालून निसटतं. पायांमधून जाणारा पट्टा हवा, तान्ह्याला मानेमागे कॉलर हवी. पारख सोपी आहे: जाकीट घालून पट्टे आवळा, मग खांद्यापाशी दोन्ही बाजूंनी धरून वर उचला. कानापर्यंत सरकलं तर ते त्या पोराचं नाही. दंडावर घालतात ते हवेचे फुगे तर खेळणं झालं.

अलिबाग_दर_शनिवारी
मांडव्याच्या बोटीत तासभर कोण घालतं जाकीट? उकडून पोरं रडतात. एवढं घाबरायचं असेल तर घरीच बसा.

वेसाव्याचा_नाखवा
तुम्हाला डिसेंबर २०२४ आठवत नाही काय? गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली. १८ तारीख, दुपारी चारच्या सुमारास, भर उजेडात. लहान पोरंपण होती बोटीवर. त्यानंतर जाकीट सक्तीचं केलं. आमची अर्धी जिंदगी पाण्यात गेली, आम्ही घाबरत नाही, पण तुमच्यासारखं बोलतपण नाही. पोर रडलं तर रडू दे.

अलिबाग_दर_शनिवारी
आवाज चढवायची गरज नाही. मी रोजच्या प्रवासाबद्दल बोलत होतो, अपघाताबद्दल नाही.

परळची_सिस्टर
अपघात रोजच्याच प्रवासात होतो. नाखवांचं शंभर टक्के बरोबर आहे.

गोरेगाव_पूर्व
पण मुलांच्या मापाची जाकिटं जेट्टीवर असतात कुठे? मागच्या हिवाळ्यात एका जेट्टीवर मागितलं, तर "मांडीवर घ्या" म्हणाले. बाहेरच्या देशात जाऊन सुरक्षितता शोधायची आणि इथे मांडीवर!

वेसाव्याचा_नाखवा
मांडीवर घेतलेलं पोर धक्का बसला की हातात राहत नाही. आईचेपण हात सुटतात. स्वतःचं घेऊन ठेवा, पोर वाढलं की पुढचं माप.

दापोली_ते_दादर
कासवंच बघायची तर वेळासला या ना! ऑलिव्ह रिडलेची पिल्लं मार्चच्या आसपास समुद्रात सोडतात. राहायला गावातली घरं, जेवायला तांदळाची भाकरी. पासपोर्ट नको, मलेरियाची भीती नको. परदेशाचं वेड आहे नुसतं.

माहीमचा_मुक्काम
वेळासला आम्ही लेकीला नेलंय, पुन्हा नेऊ. पण ओरांगउटान बोर्निओ आणि सुमात्रा सोडून जंगलात कुठेच नाही, तो काही दापोलीला येणार नाही. आणि आपल्याकडचं सगळं सुखरूप, हे तरी कुठे खरं? ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांना सफारीच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवलं, हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या जिप्सीत बसलेल्या मुलांनी काय शिकायचं?

दापोली_ते_दादर
ते वाईटच झालं. पण ते विदर्भात, मी कोकणाबद्दल बोलतोय.

परळची_सिस्टर
एक राहिलं. सेपिलोकला सर्दी-खोकला असलेल्यांनी जाऊ नये असं सांगतात, कारण आपले आजार ओरांगउटानांना होतात. बालवाडीतल्या पोराचं नाक कधी कोरडं असतं? तुमची लेक त्या दिवशी शिंकत असती तर?

माहीमचा_मुक्काम
तर मी तिच्याबरोबर खोलीवर थांबलो असतो आणि बायको एकटी गेली असती. दिवस हातात होता, म्हणून शक्य होतं. हेच तर मी सुरुवातीपासून सांगतोय.

परळची_सिस्टर
ठीक आहे, तुमच्यासारखी तयारी केली तर माझी हरकत कमी होते. संपत नाही. घरी आल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना आधी 'साबाला गेलो होतो' हे सांगायचं, एवढं तरी त्या ग्रुपवर टाका. आणि जेट्टीवर बोट धड वाटली नसती तर काय केलं असतंत?

माहीमचा_मुक्काम
गेलो नसतो. बुकिंगचे पैसे बुडाले असते तरी.

गोरेगाव_पूर्व
नाखवा, साडेचार वर्षांच्या मुलाचं माप वयावर बघायचं की वजनावर?

वेसाव्याचा_नाखवा
वजनावर. जाकिटाच्या आत किलोमध्ये लिहिलेलं असतं. नसेल लिहिलं तर घेऊ नका.