नुसतं खोदता येऊन भागत नाही

ऑस्ट्रेलियात उत्खननाचा एखादा कोर्स केला की पुरातत्त्वातली नोकरी मिळेल का, असा प्रश्न आहे. अवघड आहे. तिथल्या बहुतेक नोकऱ्या विद्यापीठात नसतातच. खाण, रस्ता किंवा वसाहत होण्याआधी जागेची पाहणी करणाऱ्या सल्लागार कंपन्यांत असतात.

आधी नजर तयार व्हावी लागते. नांगरलेल्या शेतातला सिलक्रीटचा (दगडी हत्यारांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका कठीण दगडाचा) तुकडा माणसाने फोडला की ट्रॅक्टरने? घाव बसल्याची जागा, तिच्याखालचा फुगवटा, आधी निघालेल्या छिलक्यांच्या खुणा, हे सगळं तुकडा हातात घेऊन तिरप्या उन्हात फिरवल्याशिवाय दिसत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये चाचणी खड्डे ५० बाय ५० सेंमीचे, आणि माती ५ मिमीच्या जाळीतून चाळायची. (खांदे भरून येतात, हे माहितीपत्रकात कुणी छापत नाही.)

त्याहून अवघड म्हणजे तिथल्या आदिवासी ज्येष्ठांबरोबर जागा फिरणं, ऐकणं, आणि सांगितलेल्यातलं काय अहवालात घालायचं नाही तेही त्यांनाच विचारणं. २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जुकान गॉर्ज या घळीतले शैलाश्रय (खडकातले निवारे) रिओ टिंटो या खाण कंपनीने लोहखनिजासाठी सुरुंगाने उडवले. तिथे ४६,००० वर्षांपूर्वीपासून माणसाचा वावर होता. उत्खनन झालेलं, अहवालही होता, पण ते उडवायची परवानगी कायदेशीर होती! म्हणून मला वारसा कायदा आणि अहवाललेखन फावड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

प्रवेश घेण्याआधी एवढं विचारा: क्षेत्रकार्यात स्थानिक आदिवासी शिकवतात का, आणि त्याचे पैसे त्यांना मिळतात का?