रंगाईचं पाणी मक्याला देतोय, पानं करपली. मदत हवी आहे

पाटकरी: दोन महिने कापड रंगाईचं सांडपाणी मक्याला देतोय. पाणी काचेसारखं स्वच्छ आहे, तरी पानांच्या कडा करपल्या. वरून पाणी मुरतच नाही, सरीत उभं राहतं. काय टाकू? परवा पाणी द्यायची पाळी आहे, लवकर सांगा.

बांधावरून: पाणी कच्चं की शुद्ध केलेलं? कापड कुठलं? जमीन कशी?

पाटकरी: शुद्ध केलेलंच, ते काय सांगायचं! तुरटी-चुना देऊन गाळ बसवलेलं. सुती कापड. जमीन चिकण.

कर्दळवाला: कर्दळीच्या वाफ्यातून सोडा. माझ्या वाफ्यात जांभळं शिरलेलं पाणी पलीकडे फिक्या चहासारखं निघतं.

हौदकाठ: रंगाईत आयुष्य गेलं माझं. सुताला रिअॅक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक रीतीने जोडला जाणारा) चढवायला लिटरमागे ५०-६० ग्रॅम मीठ सहज पडतं, वर सोडा अॅश, म्हणजे धुण्याचा सोडा. तुरटीने रंग खाली बसतो, मीठ विरघळलेलंच राहतं. कर्दळ मीठ खात नाही.

कर्दळवाला: खाते असं मी कुठे म्हटलं? सेंद्रिय भार, म्हणजे पाण्यातली कुजणारी घाण, तरी कमी होते ना?

हौदकाठ: त्यांची पानं सेंद्रिय भाराने करपली का?

गच्चीबाग: वॉशिंग मशीनचं पाणी गुलाबाला चालेल का?

बांधावरून: वेगळा धागा काढा हो. पाटकरी, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजलेत?

पाटकरी: आत्ता मोजला. लिटरला ४१०० मिलिग्रॅम. पीएच ८.९. जास्त आहे?

बांधावरून: हिशोब करा. एकराला दोन इंच पाणी म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. लिटरला ४ ग्रॅम धरले तरी एका पाळीत आठ क्विंटल क्षार शेतात ओतताय! ईसी (पाण्याची वीजवाहकता, क्षार जास्त तेवढी ती जास्त) ३ च्या वर गेली की सिंचनाला पाणी अवघडच, तुमची ६ च्या आसपास असणार. मका एवढं सोसत नाही. आणि सोडियमने चिकण मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात, म्हणून पाणी उभं राहतंय.

काळी_कसदार: जिप्सम टाका, विषय संपला. मी दरवर्षी टाकतो.

बांधावरून: जिप्सममधल्या कॅल्शियमने मातीतलं सोडियम सुटेल, पण निचरा नसेल तर ते जाणार कुठे? आधी चर काढा, माती तपासा, मग जिप्सम.

काळी_कसदार: माझ्या शेतात चर नाही, तरी पीक उभं आहे.

हौदकाठ: तुम्ही रंगाईचं पाणी देता का? नाही ना? पाटकरी, सगळं पाणी एकाच हौदात घेता काय? बरंचसं मीठ रंगाच्या मूळ पाण्यात आणि पहिल्या धुण्यात जातं. पुढच्या धुण्यांचं वेगळं काढून मोजा, फरक दिसेल. शिवाय काही रंगांत क्रोमियम, तांबं असतं. ते मीटरवर दिसत नाही, प्रयोगशाळेतच कळतं.

पाटकरी: परवाची पाळी थांबवली. दुसरा पाइप टाकता येईल का विचारतो. एक राहिलं, जादा पाणी विहिरीत सोडत होतो. त्याने काही होतं का?

बांधावरून: विहिरीत?? हे आत्ता सांगताय?